पंचवीस मिनिटांची खुर्ची आणि फारिस अल-खूरी

पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सच्या ताब्यात गेलेल्या सीरियाचे एक पंतप्रधान, फारिस अल-खूरी, यांची एक गोष्ट पुन्हा सगळीकडे फिरते आहे. मला ती एका आठवड्यात तीन जणांनी पाठवली. १९४६ साली ते न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत स्वातंत्र्य मागायला जातात आणि थेट फ्रान्सच्या खुर्चीवर बसतात. फ्रेंच प्रतिनिधी संतापतो, हे शांतपणे घड्याळ बघत राहतात. मग उठून म्हणतात, मी पंचवीस मिनिटं बसलो ते तुम्हाला सोसलं नाही, आम्ही तुमचं सैन्य पंचवीस वर्षं सोसलं. आणि त्याच दिवशी सीरिया स्वतंत्र होतो.

वाचताना माझ्याही अंगावर काटा आला. पण गोष्टीचे सांधे जुळत नाहीत.

आधी जागा. सीरिया आणि लेबनॉनची तक्रार सुरक्षा परिषदेपुढे आली ती फेब्रुवारी १९४६ मध्ये, लंडनच्या चर्च हाउसमध्ये. परिषद न्यूयॉर्कला बसू लागली मार्चच्या अखेरीस. तोवर हा विषय परिषदेत संपलाही होता.

मग मागणी. स्वातंत्र्य मागायला जाण्याचा प्रश्नच नव्हता. सीरिया संयुक्त राष्ट्रांचा संस्थापक सदस्य होता आणि जून १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्या वतीनं सनदेवर सही करणारे पंतप्रधान खूरीच होते. भांडण होतं ते देशात अजून तळ ठोकून बसलेल्या फौजांचं. २९ मे १९४५ ला फ्रेंचांनी दमास्कसवर तोफा डागल्या, संसदेच्या इमारतीवरसुद्धा, आणि तिथले पहारेकरी मारले गेले. तक्रार फ्रेंचांबरोबर ब्रिटिश सैन्याबद्दलही होती. व्हायरल गोष्टीत ब्रिटिशांचं नाव कुठेच नाही.

आता खुर्ची, आणि माझा खरा आक्षेप इथेच आहे. सीरिया तेव्हा परिषदेचा सदस्य नव्हता. पण ज्या देशाच्या हिताचा प्रश्न चर्चेला असेल त्याला मताशिवाय चर्चेत बोलावता येतं, अशी तरतूद सनदेत आहे, कलम ३१. त्या वाटेनं सीरिया आणि लेबनॉनला टेबलाशी रीतसर जागा मिळाली. ज्या सनदेवर आपली सही, तिच्याच कलमानं आपली बाजू मांडायला बसायचं, हे वकिलाचं काम. या माणसाला दुसऱ्याची खुर्ची बळकावायला लावणं म्हणजे त्याची सगळी विद्या पुसून टाकणं.

कारण विद्या थोडीथोडकी नव्हती. हर्मोन डोंगराच्या पायथ्याचं कफेर हे त्यांचं गाव, आज लेबनॉनमध्ये. घर प्रोटेस्टंट ख्रिस्ती. बैरूतच्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या कॉलेजात शिकले, मास्तरकी केली, दमास्कसच्या ब्रिटिश वकिलातीत दुभाष्याचं काम केलं, मग वकिली. सीरिया तेव्हा तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यात होता. १९१४ साली ऑटोमन संसदेत निवडून गेले, १९१६ मध्ये तिथला ऑटोमन सेनापती जमाल पाशा यानं तुरुंगात टाकलं. १९२० साली, फ्रेंच येण्याआधी, सीरियाचा राजा फैसल याच्या सरकारात अर्थमंत्री झाले. दमास्कसला कायदा शिकवला. पुढे फ्रेंचांविरुद्धच्या उठावाच्या काळात फ्रेंचांनी त्यांना हद्दपार केलं. एवढं सोसलेल्या माणसाची ओळख एका चटकदार वाक्यावर का संपावी?

आणि ‘त्याच दिवशी’? १६ फेब्रुवारीला परिषदेत, परकी फौजा शक्य तितक्या लवकर जाव्यात असा अमेरिकेचा ठराव मताला आला. सोव्हिएत प्रतिनिधीला तो फार मिळमिळीत वाटला आणि त्यानं विरोधात मत दिलं. परिषदेच्या इतिहासातला तो पहिला नकाराधिकार. ठराव पडला, तरी बहुमताच्या इच्छेप्रमाणे वागू असं फ्रान्स आणि ब्रिटननं सांगितलं. सैन्य बाहेर पडायला दोन महिने लागले. १७ एप्रिल १९४६ हा दिवस सीरिया आजही ‘जला’, म्हणजे परकी फौजा गेल्याचा दिवस, म्हणून पाळतो.

परिषदेतल्या खुर्चीचीच गोष्ट हवी असेल तर खरी आहे. १९४७ साली सीरिया परिषदेचा सदस्य झाला. त्या जुलैत डच फौजा इंडोनेशियात घुसल्या तेव्हा भारत आणि ऑस्ट्रेलियानं तो प्रश्न परिषदेत नेला, आणि १ ऑगस्टला दोन्ही बाजूंनी लढाई ताबडतोब थांबवावी असं परिषदेनं बजावलं. त्या महिन्यात अध्यक्षपदाची पाळी सीरियाची होती. अध्यक्षाच्या खुर्चीवर बसले होते फारिस अल-खूरी.