गॅस संपत नाही हो, काका!

जून लागला की डॅलसच्या आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच संदेश पुन्हा वर येतो. ‘सेंट्रल एसी (म्हणजे अख्ख्या घराला एकच मशीन) बंद पडला? घाबरू नका!’ मजकूर थोडक्यात असा: एसी बंद पडला म्हणजे गॅस संपला, दोन-तीन वर्षांनी तो भरावाच लागतो. तोवर थर्मोस्टॅट (भिंतीवरचं तापमानाचं बटण) ६० वर, म्हणजे ६० अंश फॅरनहाइटवर (सुमारे १६ सेल्सियस), ठेवा, म्हणजे मशीनला जोर येतो. ब्रेकर पडला तर धरेपर्यंत वर करत राहा. बाहेरच्या युनिटचा पंखा फिरत नसेल तर काठीने ढकला, काम झालं. नको त्या खोल्यांचे व्हेंट, म्हणजे थंड हवेची तोंडं, बंद करा. आणि एसी दहा वर्षांहून जुना असेल तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका, सगळा बदला, कारण जुना गॅस सरकारने बंद केलाय. खाली जोडलेले हात आणि ‘जनहितार्थ’.

यंदा तो एका काकांनी टाकला. मी इथे आलो तेव्हा याच काकांनी मला हायवेवर गाडी चालवायला शिकवली, त्यामुळे ग्रुपवर वाद घालणं जिवावर आलं. पण या संदेशापायी आमच्या ओळखीतल्या एका घरी तीन उन्हाळे ओळीने गॅस भरला गेलाय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी गॅसचं. हा मुद्दा सगळ्यात चुकीचा आणि सगळ्यात खर्चिक. एसीतला गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे, तो जळत नाही की खर्च होत नाही. अ‍ॅटिकमधल्या, म्हणजे छताखालच्या माळ्यावरच्या, कॉइलमध्ये तो उकळतो आणि घरातली उष्णता शोषून घेतो, परसातल्या डब्यात कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तिथल्या कॉइलमध्ये उष्णता बाहेर टाकून तो पुन्हा पातळ होतो आणि तांब्याच्या नळीतून परत वर जातो. हे चक्र बंदिस्त आहे. धड बसवलेल्या मशीनमध्ये पहिल्या दिवशीचाच गॅस पंधरा वर्षांनीही असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता नुसता भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

हा समज आपण तिकडून घेऊन आलोय, असं मला वाटतं. पुण्या-मुंबईत मार्चमध्ये एसीवाला सर्व्हिसिंगला आला की जाता जाता ‘गॅस थोडा कमी आहे, टॉप-अप करू का?’ विचारतोच. मुंबईच्या खाऱ्या हवेत कॉइल लवकर सडतात, नळ्यांचे नटाने आवळलेले जोड सैल पडतात, हे खरं आहे. पण तिथेही गॅस गळतो, संपत नाही. इथे टेक्निशियनने ‘दोन पाउंड कमी आहे’ म्हटलं, तर एवढंच विचारावं: गेला कुठे? शिवाय हा गॅस हाताळायला इथे पर्यावरण खात्याचं, म्हणजे ईपीएचं, ‘६०८’ प्रमाणपत्र लागतं. म्हणजे ‘माझ्याकडे सिलिंडर आहे, येऊन भरतो’ म्हणणाऱ्या कुणाच्या तरी मेव्हण्याला हे काम देऊ नये.

बरं, संदेशात मुळातच एक घोळ आहे. ‘एसी बंद पडला’ आणि ‘एसी थंड करत नाही’ ही दोन वेगळी दुखणी आहेत. गॅस कमी असेल तर मशीन बहुधा चालूच राहतं. वारा येतो, पण कोमट, आणि बाहेरच्या जाड नळीवर कधी कधी बर्फ दिसतो. काही युनिटमध्ये दाब फार उतरला की बाहेरचा डबा स्वतःहून थांबतो, हे मान्य. तरीही आतला ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंखा, फिरत असतो. घरात चिडीचूप शांतता असेल, तर गॅसवर शेवटी संशय घ्यायचा. आधी वीज आणि पाणी.

पाणी कसं, ते आमच्याच घरातलं सांगतो. गेल्या जुलैत एका शनिवारी संध्याकाळी थर्मोस्टॅटचा पडदा कोरा झाला. ना आकडे, ना उजेड. सेल बदलले, ढिम्म. ब्रेकर जागेवर. बायको म्हणाली, ‘स्टडीच्या खिडकीवर थेंब पडतायत सकाळपासून, पाऊस तर नाही.’ हा थेंब ओळखायला मला चार वर्षं लागली होती, पण या वेळी ओळखला. दमट हवा थंड कॉइलला लागली की तिचं पाणी होतं, आणि डॅलसच्या उन्हाळ्यात ते दिवसाला बादल्यांनी निघतं. ते एका पांढऱ्या पीव्हीसी नळीतून बाहेर जातं. नळीत शेवाळ आणि बुळबुळीत गाळ साचला की पाणी खालच्या मोठ्या ट्रेमध्ये उतरतं आणि तिथून दुसऱ्या नळीने बाहेर पडतं. ही दुसरी नळी बांधणारे मुद्दाम खिडकीच्या वर काढतात, घरच्यांना दिसावी म्हणून. आपण बघतो आणि खिडकी पुसतो.

अ‍ॅटिकवर चढलो. तिथे असा उकाडा होता की घाम कपाळावरून नाही, कोपरावरून गळत होता. ट्रेमध्ये दोन बोटं पाणी, आणि कडेला फ्लोट स्विचचं छोटं बोंड वर तरंगलेलं. ते वर उचललं गेलं की २४ व्होल्टची तार तुटते. आमच्याकडे तीच तार थर्मोस्टॅटला वीज देते, म्हणून पडदा कोरा. एसी बिघडला नव्हता, छत भिजू नये म्हणून स्वतःहून थांबला होता. बाहेर भिंतीपाशी मुख्य नळीच्या तोंडाला शॉप-व्हॅक (पाणीही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर) लावला, भोवती ओलं फडकं गुंडाळलं, आणि तीन मिनिटांत पिंपात जे आलं ते जेवणाआधी सांगण्यासारखं नाही. मग वरून कपभर व्हिनेगर सोडलं, ट्रे उपसला, बोंड खाली बसलं. पडदा उजळला. ६०ची मात्रा आणि गॅस यांचा यात काय उपयोग होता?

कोऱ्या पडद्याचं आणखी एक कारण, हसू नका. अ‍ॅटिकमध्ये मशीनजवळ भिंतीवर एक स्विच असतो, अगदी दिव्याच्या बटणासारखा. गणपतीचं मखर उतरवायला वर गेलेला माणूस खाली येताना ‘दिवा चालू राहिला की’ म्हणून तो बंद करतो. सप्टेंबरात हे मी दोन घरांत पाहिलंय. एका घरी टेक्निशियनने तो स्विच वर केला आणि फेरीचे पैसे घेऊन गेला. त्याचा काय दोष?

आणि बर्फ. नळीवर बर्फ दिसला की ‘गॅस!’ ओरडायची घाई होते. पण फिल्टर धुळीने गच्च झाला, कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही, तरी असाच बर्फ धरतो. म्हणून कूलिंग बंद करायचं, नुसता पंखा चालू ठेवायचा, बर्फ पूर्ण वितळू द्यायचा. त्याला काही तास लागतात. मग नवा फिल्टर घालून पुन्हा चालवायचं. परतीच्या जाळीपाशी (जिथून घरातली हवा मशीनकडे परत जाते) आणि जवळच्या व्हेंटपाशी स्वयंपाकघरातला थर्मामीटर धरून बघा. फरक साधारण १५ ते २० अंश फॅरनहाइट, म्हणजे ८ ते ११ सेल्सियस असेल तर गॅसच्या बाजूने बहुतेक सगळं ठीक आहे. गोठलेल्या कॉइलवर गेज (दाब मोजायचं यंत्र) लावून कुणी ‘दाब कमी आहे’ म्हणत असेल, तर त्या आकड्यावर चेक फाडू नका.

थर्मोस्टॅट ६० वर ठेवल्याने जोर येत नाही. इथल्या बहुतेक घरांतला कॉम्प्रेसर एकाच वेगाने चालतो, एक तर चालू नाहीतर बंद. ७६ मागा नाहीतर ६०, थंडावा त्याच गतीने येणार. लिफ्टचं बटण दहादा दाबण्यातली गत. उलट ६० कधी गाठलंच जात नाही आणि मशीन रात्रभर थांबत नाही. यातच एक गैरसमज मिसळलेला असतो. घराचा एसी साधारण १०० अंशांच्या हिशेबाने बसवलेला असतो. २०११ मध्ये डॅलस-फोर्ट वर्थला पारा ७१ दिवस शंभरी गाठून किंवा ओलांडून होता. अशा उन्हाळ्यात १०७ च्या दुपारी एसी अखंड चालतोय आणि घर ७८ वर अडलंय, तर तो बिघाड नव्हे. पडदे ओढा आणि ओव्हन लावू नका.

ब्रेकरच्या मुद्द्यावर मात्र मी चेष्टा करणार नाही. वादळात वीज गेली-आली, ब्रेकर एकदा पडला, समजू शकतो. थर्मोस्टॅट बंद करा, पाच मिनिटं थांबा, म्हणजे नळ्यांमधला दाब सारखा होईल. ब्रेकर पूर्ण खाली ओढून एकदाच वर करा. पुन्हा पडला तर हात लावू नका. २४० व्होल्टची लाइन आहे. कॉम्प्रेसरचं वाइंडिंग जळालेलं असेल, उंदराने कुरतडलेली तार डब्याला चिकटली असेल. ब्रेकर पडतो तो तुम्हाला त्रास द्यायला नाही. ‘धरेपर्यंत वर करा’ हा सल्ला कुणी दिला असेल, त्याला आग लागलेलं पॅनेल कसं दिसतं हे माहीत नसावं.

काठीचा मुद्दा सगळ्यात गमतीचा, कारण त्यात अर्धं सत्य आहे. बाहेरचा डबा गुणगुणतोय, पंखा फिरत नाही, काठीने ढकलला की फिरायला लागतो, असं खरंच होतं. पण ते निदान झालं, उपचार नव्हे. पंख्याला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर मेलाय, एवढंच त्यातून कळतं. शिवाय बऱ्याच युनिटमध्ये एकाच डबीत दोन कपॅसिटर असतात, एक पंख्याचा, दुसरा कॉम्प्रेसरचा. पंख्याचा गेला तर कॉम्प्रेसरचाही फार दिवसांचा सोबती नसतो, आणि कॉम्प्रेसरला काठीने ढकलता येत नाही. शिवाय चालू मशीनच्या पात्यांत काठी घालणं, तेही चपलेवर, ओल्या गवतात! कपॅसिटर फुगलेला असेल तर नुसत्या डोळ्यांनी दिसतो, वरची पत्र्याची टोपी पुरीसारखी टम्म होते. बदलायला सोपा आहे म्हणतात, आहेही, पण वीज तोडल्यावरही त्यात भार शिल्लक राहतो. ज्याला तो उतरवता येत नाही त्याने झाकण उघडू नये.

झाकण उघडलंच, तर टेक्सासमध्ये आणखी एक पात्र भेटतं. आमच्या शेजारच्या घरी बाहेरचं युनिट उठेचना, आत ब्लोअर चालू. भिंतीवरच्या डिस्कनेक्टचा (युनिटची वीज तोडणारा) ठोकळा उपसून झाकण काढलं तर कॉन्टॅक्टरच्या (युनिटला वीज जोडणाऱ्या स्विचच्या) पॉइंटमध्ये तांबूस-काळा भुगा. फुंकर मारली तर भुग्याला पाय. लाल मुंग्या. विजेच्या पेटीत शिरायची त्यांना खोडच आहे. पॉइंटमध्ये चिरडून त्यांचा थर झाला होता, आणि पॉइंट जुळेनात. टेक्निशियनने कॉन्टॅक्टर बदलला, वीस मिनिटांचं काम. गॅसची आठवण कुणालाच झाली नाही.

व्हेंटचं दोन वाक्यांत उरकतो. ब्लोअर तेवढीच हवा ढकलत असतो, तोंडं बंद केलीत तर डक्टमधला (हवेच्या नळकांड्यांतला) दाब वाढतो आणि थंड हवा फटींतून अ‍ॅटिकला जाते. एखादं थोडं वळवलंत तर बिघडत नाही, चार खोल्या बंद केल्यात तर कॉइल गोठवायची तयारी झाली.

राहिला ‘जुना गॅस बंद झालाय’. यात तारखांची खिचडी झालीय. जुना गॅस म्हणजे आर-२२; त्याचं उत्पादन आणि आयात अमेरिकेत १ जानेवारी २०२० पासून थांबली. पण त्याच्यावर चालणारं जुनं मशीन वापरायला बंदी नाही, आणि जुन्या यंत्रांतून काढून शुद्ध केलेला गॅस महाग का होईना मिळतो. दहा-बारा वर्षांच्या मशीनमध्ये तर बहुधा आर-४१०ए असतो. त्याची नवी घरगुती यंत्रं बनवणं १ जानेवारी २०२५ पासून थांबलंय, आता आर-४५४बी किंवा आर-३२ वाली येतात. दुरुस्तीसाठी मात्र ४१०ए मिळतो. तुमचा कोणता, ते बाहेरच्या डब्यावरच्या पट्टीवर छापलेलं असतं. आर-२२ च्या यंत्राचा कॉम्प्रेसरच गेला असेल, तर बदला, मीही तेच सांगेन. पण कपॅसिटर गेला म्हणून अख्खी सिस्टीम बदलणं म्हणजे बल्ब गेला म्हणून घर विकणं. बदलण्याआधी वॉरंटीचे कागदही काढा. नोंदणी केली असेल तर बऱ्याच कंपन्या सुट्या भागांना १० वर्षं देतात.

हे सगळं मी काकांना ग्रुपवर न लिहिता फोनवर सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं, मधे दोनदा ‘बरं’ म्हणाले. मग थोडं थांबून विचारलं, ‘अरे, आमच्या किचनच्या खिडकीवर मंगळवारपासून थेंब पडतायत, ते काय असेल रे?’

मी शॉप-व्हॅक गाडीत टाकला.