महिन्यापूर्वीचा नॉर्मल ईसीजी आजच्या छातीदुखीचे उत्तर नव्हे

गेल्या आठवड्यात माझ्या मामांनी छातीत जडपणा असतानाही तीन तास घरीच काढले, कारण सोसायटीच्या ग्रुपवर आलेला एक संदेश त्यांना पटला होता: ईसीजी एकदा नॉर्मल आला की वर्षभर काळजी नाही, तो वारंवार काढू नये, कारण दर वेळी शरीरात वीज सोडतात, 10 तारा लावून 12 लीडचे पैसे घेतात, त्यापेक्षा मनगटावरचे घड्याळ पुरे.

यातला पहिला दावा जीवघेणा आहे. नेहमीच्या ईसीजीच्या कागदावर साधारण 10 सेकंदांची नोंद असते. त्या 10 सेकंदांत हृदयाच्या स्नायूला रक्त पुरेसे पोहोचत असेल, तर हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी (धमनी) बरीच अरुंद झालेली असूनही आलेख निर्दोष येऊ शकतो, आणि पुढे एखाद्या दिवशी त्याच जागी गुठळी होऊन ती बंद पडू शकते. हृदयविकाराचा झटका सुरू असतानाही पहिला ईसीजी कधीकधी साधा दिसतो. म्हणूनच अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी 2021 साली छातीदुखीविषयी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत रुग्ण आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी काढून तपासावा, आणि निदान होत नसेल व त्रास चालूच असेल तर तो पुन्हा पुन्हा काढावा, असे स्पष्ट म्हटले आहे. मामांच्या पहिल्या ईसीजीत ठळक काही नव्हते. पाऊण तासाने काढलेल्या दुसऱ्यात आलेखातला एसटी नावाचा भाग वर उचललेला दिसला, म्हणजे झटक्याची खूण. ते वाचले, पण वाया गेलेल्या तीन तासांचा राग अजून जात नाही.

वीज सोडण्याचा दावा तर उलटाच आहे. वीज हृदयातच निर्माण होते: उजव्या कर्णिकेतील (हृदयाच्या वरच्या कप्प्यातील) सायनस नोड या पेशींच्या पुंजक्यापासून निघालेला संदेश कर्णिकांत पसरताना पी लहर उमटते, जवनिकांत (खालच्या कप्प्यांत) पसरताना क्यूआरएस, आणि जवनिका पूर्ववत होताना टी. त्वचेपर्यंत पोहोचणारा सुमारे एक मिलिव्होल्टचा फरक यंत्र मोठा करून कागदावर उतरवते. नेदरलँड्समधील लायडनचे शास्त्रज्ञ आइंटहोवेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी रुग्णाचे हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून हेच मोजले, आणि त्यासाठी त्यांना 1924 चे नोबेल मिळाले. हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र डिफिब्रिलेटर, ते वेगळे.

तारा 10 च असतात, हे खरे. पण लीड म्हणजे तार नव्हे, हृदयाकडे पाहण्याची दिशा. हातापायांच्या तारांतून सहा दिशा मिळतात, छातीवरच्या सहा तारांतून आणखी सहा.

घड्याळाबद्दल थोडे मान्य करावे लागते: अनियमित ठोके ते पकडू शकते. मात्र ते एकाच दिशेने पाहते, आणि हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी ते बनवलेले नाही.