‘विचारून सांगते’ म्हणणाऱ्या मुलीवर ओरडू नका

आज आईच्या पायाचे टाके काढायला गेलो होतो. नंबर यायला वेळ होता. तेवढ्यात काउंटरपाशी एक गृहस्थ तिथल्या असिस्टंट मुलीवर ओरडायला लागले. त्यांच्या पत्नीच्या घोट्याचं ऑपरेशन परवा झालंय, दुखणं वाढतच चाललंय, तर गोळी दुप्पट देऊ का, एवढंच त्यांना हवं होतं. ती म्हणाली, "थांबा, डॉक्टरांना विचारून सांगते." झालं! "मग तुम्ही इथे बसता कशाला? काहीच कसं माहीत नसतं तुम्हाला?" सगळ्यांदेखत. ती मान खाली घालून फाईल चाळत राहिली आणि आम्ही दहा-बारा माणसं गप्प. मीही गप्प. तेव्हापासून डोकं तापलंय.

अहो, त्याच दोन शब्दांनी माझ्या आईला वाचवलंय.

आईच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलं होतं, त्याचं ऑपरेशन. आधीच्या भेटीत याच मुलीने विचारलं, "काकू, गोळ्या कोणत्या चालू आहेत?" आई म्हणाली, "बीपीची. बाकी काही नाही." मीही मान हलवली. तरी ती म्हणाली, "पुढच्या वेळी घरातली गोळ्यांची पिशवीच घेऊन या." नेली. तिने टेबलावर उपडी केली, एकेक पाकीट वाचलं आणि एक बाजूला काढलं. रक्त पातळ ठेवायची गोळी. आई म्हणते, "ती हृदयाची आहे, पायाशी तिचा काय संबंध?" ती मुलगी "बंद करा" म्हणाली नाही, "चालू ठेवा" म्हणाली नाही. "विचारून सांगते," म्हणाली आणि आत गेली. मग सर्जन आईच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलले, कधी थांबवायची, कधी पुन्हा सुरू करायची ते ठरलं. चालू राहिली असती तर रक्तस्राव, मनानेच बंद केली असती तर रक्ताची गाठ व्हायची भीती. यातलं मला काय माहीत होतं? काहीच नाही.

तरी लोक तिला "ए सिस्टर" म्हणून हाक मारतात. ती नर्स नाही, असिस्टंट आहे, तिचं काम वेगळं आहे. पण विचारतो कोण?

हो, ऑपरेशन सर्जनच करतात, मान्य. काही असिस्टंट पाठ केल्यासारख्या सूचना म्हणून टाकतात, तेही मान्य.

पण हिने आईच्या बोटांच्या बेचक्यासुद्धा उघडून पाहिल्या, कुठे चीर, कुठे बुरशी तर नाही ना, कारण तिथूनच जंतू आत शिरतात. नेलपॉलिश काढायला लावलं. "कोणता पाय?" हे तीनदा विचारलं. आई वैतागली, पण भलत्याच पायावर सुरी फिरू नये म्हणूनच ते विचारतात. आणि कुबड्या! त्या ऑपरेशननंतर नाही, आधीच हातात दिल्या. काखेखाली दोन-तीन बोटं जागा ठेवायची, भार तळहातांवर घ्यायचा, काखेत नाही, नाहीतर तिथली नस दबते. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना कुबड्या आणि दुखरा पाय आधी. मग विचारलं, "रात्री बाथरूमला जाताना वाटेत काय काय असतं, काकू?" घरी येऊन मी पायपुसणी उचलली, वायर उचलली. मला ते कधी दिसलंच नव्हतं.

ऑपरेशन झालं त्या संध्याकाळी तिचाच फोन. पाय बधिर होता, आई खुशीत होती, दुखतच नाही म्हणत होती. ती म्हणाली, "बधिरपणा उतरायची वाट पाहू नका, डॉक्टरांनी लिहिलेली गोळी वेळेवर द्या." शिवाय पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा, आणि पट्टीबाहेर दिसणाऱ्या बोटाचं नख दाबून सोडायचं. पांढरं झालेलं नख दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. मी रात्री २ वाजता मोबाइलच्या उजेडात आईचं नख दाबत बसलो होतो.

पाचव्या दिवशी आईची पोटरी दुखायला लागली. फोन केला. "होतं असं" म्हणून तिने वाटेला लावलं नाही. पुन्हा तेच, "विचारून सांगते." दहा मिनिटांत फोन आला, लगेच घेऊन या. डॉपलर, म्हणजे शिरांमध्ये गाठ आहे का बघायची सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. भावाने विचारलं, उगाच कशाला धावलात? पोटरीतली गाठ सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जाऊ शकतो. उद्या पुन्हा दुखली तर पुन्हा धावेन.

लिहिता लिहिता राग थोडा निवलाय. त्या गृहस्थांचंही समजतं, घरात माणूस रात्रभर कण्हत असेल तर जिभेवर ताबा राहत नाही. पण पुढे काय झालं ते सांगतो. ती आतून विचारून आली आणि म्हणाली, "गोळी वाढवायची नाही. पट्टी घट्ट झाली असेल, बोटं बधिर किंवा निळी पडलीत का बघा, आणि त्यांना आत्ताच घेऊन या." ते बाहेर धावत जाताना फोनवर पत्नीला बोटं हलवायला सांगत होते. त्या मुलीला एक शब्द न बोलता गेले.

मग आमचा नंबर आला. टाके निघाले, तिने आईचा पाय मांडीवर घेऊन पट्टी बांधली. समोर बसून मी तेव्हाही काही बोललो नाही. पुढच्या आठवड्यात परत जायचंय, तेव्हा तिला सांगणार आहे की त्या दिवशी मी बोलायला हवं होतं.