कपात अर्थसंकल्पात नव्हे, पंपहाऊसमध्ये दिसते

कर्नाटकाच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात काँग्रेस सरकारच्या पाच गॅरंटी योजनांसाठी सुमारे 51,000 कोटी रुपयांची तरतूद झाली. आपल्या बेळगाव-खानापूर भागात आता रस्ता खचला काय किंवा नळ कोरडा पडला काय, पैसा गॅरंटीत गेला हे एकच उत्तर तयार असते. हे उत्तर मला अर्धवट वाटते. गृहलक्ष्मी या गॅरंटीतून घरच्या कर्त्या बाईला महिन्याला मिळणाऱ्या दोन हजारांत ज्या घरातील किराण्याची उधारी फिटते, त्याच घराला गावच्या तुंबलेल्या गटारीसाठी जबाबदार धरणे अन्यायाचे आहे. शिवाय केंद्रीय करांतील कर्नाटकाचा वाटा चौदाव्या वित्त आयोगाच्या काळात 4.71 टक्के होता आणि पंधराव्यात तो 3.65 टक्क्यांवर आला, याची आठवण सोयीस्करपणे ठेवली जात नाही.

खरी गोम निवडणुकांत आहे. जिल्हा पंचायत आणि तालुका पंचायतींच्या निवडणुका 2016 मध्ये झाल्या, त्यांची मुदत 2021 मध्ये संपली आणि पुढे मतदारसंघांची पुनर्रचना व आरक्षण यांच्या घोळात नव्या निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्या. पंधराव्या वित्त आयोगाचे अनुदान रीतसर निवडून आलेल्या संस्थांसाठीच होते. म्हणजे निवडणूक लांबवली की कात्री आपोआप लागते, आणि त्यासाठी विधानसभेत कोणाला तोंडही उघडावे लागत नाही.

ग्रामपंचायतीच्या हाती आलेल्या या अनुदानातही 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी राखीव होती. उरलेली 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करता येत होती, पण पगार आणि कार्यालयीन खर्च त्यातून भागवता येत नव्हते. ते भागवायचे राज्याच्या अनुदानातून आणि घरपट्टी-पाणीपट्टीतून. साहजिकच राज्याचा हप्ता लांबला की पहिला पगार थकतो तो गावाला पाणी सोडणाऱ्या वॉटरमनचा. आमच्या भागातील एका गावात पगार थकलेला असूनही वॉटरमन पहाटे व्हॉल्व्ह सोडायला येतो, आणि मोटर जळली की रिवाइंडिंगचे पैसे गल्लीगल्लीतून गोळा होतात. पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी, ती वर्गणी मागत नाहीत, पण ती निघणार हे त्यांना पक्के ठाऊक असते. माझ्या मते हा करच आहे, फक्त त्याची पावती मिळत नाही.

हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. होनग्यासारख्या गावाला औद्योगिक वसाहतीचा आधार आहे. उलट मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबी परिसरात जंगल, विखुरलेल्या वाड्या आणि धो धो पाऊस. तेथे घरपट्टी वाढवून वाढवून किती वाढवणार, आणि रस्ता तर दर पावसाळ्यात वाहून जाणार. स्वतःच्या उत्पन्नावर उभे राहा, असा सल्ला बेंगळूरहून देणाऱ्यांनी एकदा जुलैत जांबोटीमार्गे तिकडे जाऊन यावे.

आपण सीमाभागातील मराठी माणसे फलकांच्या भाषेसाठी रस्त्यावर उतरतो आणि ते रास्तच आहे, परंतु ग्रामसभेत जमाखर्चाची वही उघडायला लावताना आपला आवाज का बसतो, हे मला कळलेले नाही. राज्याचा हप्ता कोणत्या महिन्यात आला, हेस्कॉम या वीज कंपनीचे किती बिल थकले आणि वॉटरमनला किती महिन्यांचा पगार देणे आहे, एवढे तरी इतिवृत्तात लिहून घ्यावे. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की नेते उत्तर कर्नाटकाच्या विकासावर बोलतात. त्या वेळी आपापल्या आमदारांच्या हाती या इतिवृत्तांच्या प्रती द्याव्यात आणि निवडणुका लांबल्यामुळे बेळगाव जिल्ह्याचे नेमके किती अनुदान हुकले, याचा आकडा सभागृहात मागायला लावावा.