‘डब्ल्यूऑल लावलं की झालं’? नाही झालं

कोड तपासणारं टूल लिहायला घेतलं की एक सल्ला हमखास मिळतो: “जीसीसी या सी/सी++ कंपायलरचे फ्लॅग, म्हणजे कमांडमध्ये द्यायचे पर्याय, उचला. -डब्ल्यूऑल (-Wall) म्हणजे सगळ्या वॉर्निंग, -डब्ल्यूनो लावलं की बंद, -डब्ल्यूएरर लावलं की बिल्ड थांबणार. सगळे कंपायलर असेच वागतात.” यातलं फारसं काही टिकत नाही.

“सगळ्या वॉर्निंग.” नाही. -डब्ल्यूशॅडो (आतल्या व्हेरिएबलने बाहेरच्याचं नाव झाकलं तर) आणि -डब्ल्यूकन्व्हर्जन (टाइप बदलताना किंमत बिघडू शकत असेल तर) हे -डब्ल्यूऑलमध्ये नाहीत, -डब्ल्यूएक्स्ट्रा या जादा वॉर्निंगच्या गटातही नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये मात्र /डब्ल्यूऑल म्हणजे एरवी बंद असलेल्यासुद्धा चालू. नाव तेच, अर्थ वेगळा. आपल्या टूलमधल्या वॉर्निंगच्या गटाला ‘शिफारस’ म्हणा, ‘ऑल’ कशाला?

“सगळे सारखेच वागतात.” खरी गोची इथे आहे. -डब्ल्यूनो-अनयूज्ड-व्हेरिएबल (न वापरलेल्या व्हेरिएबलची वॉर्निंग बंद) आधी आणि -डब्ल्यूऑल नंतर लिहून बघा. जीसीसीत नेमका फ्लॅग गटावर मात करतो, क्रम कुठलाही असो; वॉर्निंग बंदच राहते. क्लँग हा दुसरा कंपायलर फ्लॅग डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे शेवटचा -डब्ल्यूऑल ती पुन्हा चालू करतो. मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांची फाइल) वापरणाऱ्याचे फ्लॅग प्रोजेक्टच्या फ्लॅगांआधी जोडले असतील, तर क्लँगवर त्याने बंद केलेलं परत उगवतं आणि तो टूलला शिव्या घालतो. दोन्हींपैकी एकच नियम निवडा, मदतीच्या मजकुरात लिहा, आणि टेस्ट दोन्ही क्रमांनी लिहा.

“बंद करायला -डब्ल्यूनो.” बरोबर, पण स्पेलिंग चुकलं तर? अनोळखी -डब्ल्यू फ्लॅगवर जीसीसी एरर देतो. अनोळखी -डब्ल्यूनो मात्र मुकाट गिळतो, आणि दुसरी एखादी वॉर्निंग निघाली तरच त्याबद्दल बोलतो. हे मुद्दाम केलंय, नव्या फ्लॅगची मेकफाइल जुन्या कंपायलरवर चालावी म्हणून. क्लँग दोन्हींवर वॉर्निंग देतो. नव्या टूलला जुन्या आवृत्त्यांचं ओझं नसतं. त्याने क्लँगचंच ऐकावं.

“-डब्ल्यूएररने बिल्ड थांबतं.” थांबतं, नको तेव्हाही. 2017 मध्ये जीसीसी 7 ने स्विचमधल्या फॉलथ्रूची (ब्रेक नसल्याने एका केसमधून पुढच्या केसमध्ये घसरण्याची) वॉर्निंग -डब्ल्यूएक्स्ट्रात घातली. -डब्ल्यूएरर सोबत असलेला जुना कोड एक ओळ न बदलता फुटू शकत होता. -डब्ल्यूएरर सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप होणाऱ्या बिल्ड-टेस्टमध्ये, ठेवा, लोकांना द्यायच्या सोर्समध्ये नको. शिवाय -डब्ल्यूएरर=शॅडो लिहिलं की ती वॉर्निंग आपोआप चालू होते, पण -डब्ल्यूनो-एरर=शॅडो काहीच चालू करत नाही.

जीसीसी 10 पासून आलेल्या अ‍ॅनालायझरमध्येही (कोड न चालवता त्यातल्या चुका शोधणारा भाग) असाच घोळ: -एफअ‍ॅनालायझर न देता नुसतं -डब्ल्यूअ‍ॅनालायझर-डबल-फ्री (तीच मेमरी दोनदा सोडल्याची वॉर्निंग) दिलं, तर तपासणी होतच नाही. अशा वेळी आपल्या टूलने निदान एक ओळ छापावी: “हा फ्लॅग एकटा निरुपयोगी आहे.”