सीरम घ्यायला जाताना डोकं घरी ठेवा

अँटी-एजिंग सीरम घ्यायचं ठरवलंत ना? फार छान केलंत. वय वाढणं हा हल्ली निव्वळ आळशीपणा आहे. नाशिकच्या कॉलेज रोडला दर चार दुकानांआड सौंदर्याचं काउंटर असताना डोळ्यांच्या कडेला सुरकुती घेऊन फिरणाऱ्या बाईला म्हणावं तरी काय! तेव्हा सीरमची पारख कशी करायची याचे चार सल्ले देते. फुकट आहेत, त्यामुळे काउंटरवरच्या मुलीच्या सल्ल्याइतके मोलाचे नसतील.

पहिलं म्हणजे घटक मोजायचे. वाचायचे नाहीत, मोजायचे. तीन घटकांचं सीरम साध्या माणसांचं. खोक्यावर रेटिनॉल, व्हिटॅमिन सी, नायसिनमाइड, हायलुरोनिक ॲसिड, पेप्टाइड, बाकुचिओल, रेझवेराट्रॉल, कोलॅजन, केशर आणि चोवीस कॅरेट सोनं एवढी मंडळी एका 30 मिलीच्या बाटलीत गुण्यागोविंदाने नांदताना दिसली, की समजायचं, माल अस्सल. कोणतं किती टक्के, हे मात्र विचारायचं नाही. मुलीचा चेहरा पडतो. तिला कुणी सांगितलेलं नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ते काउंटरवर उभे राहत नाहीत.

यादी वाचायच्या भानगडीत तर पडूच नका. ती खोक्याच्या तळाशी, भिंगाशिवाय दिसू नये अशा अक्षरांत असते आणि निम्मी किमतीच्या स्टिकरखाली गेलेली असते. चुकून वाचलीत तर घोटाळा होतो. आपल्याकडच्या कॉस्मेटिक्स रूल्स, 2020 प्रमाणे एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर, हव्या त्या क्रमाने. म्हणजे आधी पाणी, मग ग्लिसरीन, मग आणखी एखादं पातळ काहीतरी, आणि मग फेनॉक्सिइथेनॉल नावाचं टिकवणारं रसायन. हे सहसा एक टक्क्याच्या वर घालत नाहीत. त्याच्या पुढची सगळी नावं मग एक टक्का किंवा त्याच्याही आतली. आता खोकं उलटं करा आणि पुढच्या बाजूला सोनेरी अक्षरांत ज्यांची नावं आहेत ती या रेषेच्या कुठल्या बाजूला उभी आहेत ते बघा. म्हणून म्हटलं, चष्मा पर्समध्येच राहू द्या.

खरं सांगायचं तर रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन एचं एक रूप, थोडंच लागतं. युरोपने चेहऱ्याला लावायच्या उत्पादनांत ते 0.3 टक्क्यांवर रोखलंय. काही पेप्टाइडही, म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, कणभर पुरतात. त्यांची नावं शेवटी आली तर लगेच बोंब मारायचं कारण नाही. पण नायसिनमाइडचं, म्हणजे व्हिटॅमिन बी-3 च्या एका रूपाचं काय? त्याचे जे बरे परिणाम दिसले ते दोन ते पाच टक्क्यांवर. ते यादीत सुगंधाच्याही मागे बसलं असेल, तर चेहऱ्यापेक्षा खोक्यालाच त्याचा जास्त फायदा झालाय.

द्राक्षाचा उल्लेख असेल तर नाशिककर म्हणून दोन पैसे जास्तच मोजा. रेझवेराट्रॉल द्राक्षाच्या सालीत असतं, त्यामुळे खोक्यावर हिरवागार घड छापलेला असतो. दिंडोरीच्या बागायतदाराला अवकाळी पावसानंतर किलोमागे काय भाव मिळाला हे त्या घडाला विचारायचं नसतं. शिवाय ‘द्राक्षबियांचा अर्क’ असतो. आपली खायची द्राक्षं थॉमसन आणि तिच्या भाऊबंदांची, बहुतेक बिनबियांची. बिया असतात त्या वाइनच्या द्राक्षांत. पण एवढ्या खोलात गेलं की मजा जाते. तसंच 2,400 रुपयांना 30 मिली म्हणजे लिटरला 80,000 रुपये, हा हिशेबही मनातल्या मनातसुद्धा करू नका. त्यात सगळ्यात जास्त पाणीच आहे, हे तर नकोच.

बाटली पारदर्शक काचेची घ्या. ड्रॉपरवाली. आरशासमोर, खिडकीत, उन्हात ठेवा, फोटोत छान येते. व्हिटॅमिन सी, म्हणजे खरं एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, उजेड आणि हवा लागली की बिघडतं. आधी पिवळं पडतं, मग तपकिरी. काउंटरवर त्याला ‘गोल्डन ग्लो’ म्हणतात. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे माझा स्वभाव जरा वाकडा आहे. हे ॲसिड त्वचेत उतरायला पीएच (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण साडेतीनच्या खाली लागतो. नायसिनमाइडला पाच ते सातच्या आसपास बरं वाटतं. दोघांना एका बाटलीत कोंबलं तर एकाला मन मारावंच लागतं, किंवा व्हिटॅमिन सीचं एखादं सौम्य रूप घालून नाव मात्र तेच छापावं लागतं. वर्गात एखाद्या पोराने असं उत्तर लिहिलं तर मी अर्धा मार्क कापते. खोक्याचे मार्क कोण कापणार?

कोलॅजन हवंच. त्याचा रेणू जवळपास 3,00,000 डाल्टनचा (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) आणि त्वचेतून साधारण 500 डाल्टनपर्यंतचंच काही धड आत जातं, पण श्रद्धेला वजन नसतं.

पॅच टेस्ट, म्हणजे आधी हातावर थोडंसं लावून बघणं? वेळ कुणाला आहे.

लावल्यावर दहा मिनिटांत चेहरा तुकतुकीत दिसला की तुम्ही तरुण झालात. हायलुरोनिक ॲसिड आणि ग्लिसरीन पाणी धरून ठेवतात, कोरड्या त्वचेवरच्या बारीक रेषा तेवढ्यापुरत्या भरून येतात. साधं मॉइश्चरायझरही जवळपास हेच करतं, पण त्याचा दर लिटरला 80,000 नसतो. रेटिनॉलला फरक दाखवायला बारा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. खोक्यावर सात दिवस लिहिलंय ना, मग सातच. आठव्या दिवशी फरक दिसला नाही तर दुसरं सीरम घ्या. गरोदर असाल तर रेटिनॉल लावत नाहीत, पण ही बारीकशी गोष्ट काउंटरवरून कुणी सांगत नाही. तुम्हीही विचारून रंगाचा बेरंग करू नका.

‘क्लिनिकली टेस्टेड’ वाचलं की हात जोडा. पुढे एक छोटीशी चांदणी असते, तिचा मागोवा घेत खोकं फिरवू नका. चाचणी अख्ख्या सीरमची झाली की त्यातल्या एकाच घटकाची, किती बायकांवर, कशाशी तुलना करून, की नुसतं ‘तुम्हाला कसं वाटतंय’ विचारून, असले प्रश्न वाईट संगतीतून येतात. बाकुचिओलचंच घ्या. हा आपल्या बावचीच्या बियांतला. 1966 साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या मंडळींनी तो वेगळा काढून त्याची रचना मांडली. 2019 साली परदेशात 44 जणांवर बारा आठवडे तुलना झाली आणि 0.5 टक्के बाकुचिओल दिवसातून दोनदा लावल्यावर ते 0.5 टक्के रेटिनॉलच्या तोडीस तोड ठरलं, शिवाय चुरचुर कमी. अभ्यास लहान, पण ठीक. आता तुमच्या बाटलीत ते 0.5 टक्के आहे का? ते छापलेलं नाही. अभ्यासाचा दाखला मात्र छापलाय. (आणि हे वाचून काष्ठौषधींच्या दुकानातून बावची आणून उगाळू नका. तिच्यात सोरालेन असतं, उन्हात गेलात की कातडी भाजते. हे मी उपरोधाने सांगत नाहीये.)

कायद्याचीही गंमत बघा. औषध नियम, 1945 मध्ये शेड्यूल जे नावाची एक यादी आहे. त्यातले आजार बरे करतो असा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही, आणि त्यात ‘अकाली वार्धक्य’ आहे. सीरम औषध नसतं, सौंदर्यप्रसाधन असतं. ते ‘सुरकुत्या जातात’ म्हणत नाही, ‘सुरकुत्या कमी झाल्यासारख्या दिसतात’ म्हणतं. दिसतात! पंचवटीत शूर्पणखाही सुंदर रूप घेऊनच आली होती म्हणतात. पुढे काय झालं ते तपोवनात कुणीही सांगेल.

सनस्क्रीनचं नाव काढू नका. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये 903 जणांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, 2013 साली छापून आला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचं वार्धक्य मनाला येईल तेव्हाच लावणाऱ्या गटापेक्षा 24 टक्के कमी दिसलं. इतका कंटाळवाणा पुरावा कोणाला हवाय? द्वारका ते मुंबई नाका भर दुपारी स्कूटरवर, सिंहस्थाच्या खोदकामांची धूळ खात जा, आणि रात्री सतरा घटकांचं सीरम लावा. हिशेब बरोबर जुळतो.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. सीरम स्वतः निवडताच कशाला? पार्लरवर सोपवा. लग्न ठरलं असेल तर ‘प्री-ब्रायडल पॅकेज’ घ्या. माझ्या भाचीने घेतलं, गंगापूर रोडच्या एका पार्लरमध्ये, ए.सी., मंद संगीत, ग्रीन टी. वय वर्षं सव्वीस. खुर्चीत बसल्याबसल्या तिला सांगण्यात आलं, “डियर, तुझ्या कपाळावर फाइन लाइन्स सुरू झाल्यात, आत्ताच पकडायला हव्यात.” सव्वीस! कपाळावर आठ्या होत्या त्या पॅकेजचा दर ऐकून. आधी ग्लायकॉलिक पील केलं. वरचा थर सोलून झाला आणि त्याच बैठकीत वर सीरम. कुठलं? “आमचं खास आहे, सगळंच आहे त्यात.” मोठ्या डब्यातून छोट्या बाटलीत काढून ठेवलेलं. बाटलीवर नाव नाही, घटक नाहीत, बॅच नंबर नाही, मुदत नाही. पोरीने म्हटलं, जळजळ होतेय. उत्तर आलं, “म्हणजे काम करतंय.” रात्री डोळे सुजले, गाल लालबुंद, कातडी ताणलेली. फोन केला तर म्हणे, “पर्जिंग आहे, मॅम. आतले टॉक्सिन्स बाहेर पडतायत.”

कुठले टॉक्सिन्स? नाव सांगा एकाचं. पर्जिंग म्हणतात ते रेटिनॉइडने, म्हणजे रेटिनॉलच्या कुळातल्या रसायनांनी, सुरुवातीच्या आठवड्यांत मुरमं वर येतात त्याला. चार तासांत चेहरा सुजून डोळे मिटले, त्याला भाजणं म्हणतात नाही तर ॲलर्जी. ताज्या सोललेल्या कातडीवर रेटिनॉल, ॲसिड, सुगंध आणि आणखी काय काय ओतलं तर ती जळणार, याला बारावी पास व्हायचीही गरज नाही. सकाळी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “काय लावलं होतं?” आम्ही काय सांगणार? सगळंच! डॉक्टरांनी सगळं बंद केलं, साधं मॉइश्चरायझर आणि औषध दिलं. नक्की कशाने झालं हे कळायला मार्ग नाही, कारण सतरा संशयित आणि एकाचंही प्रमाण माहीत नाही. पुढे आयुष्यभर तिने काय टाळायचं? सगळंच?

आणि पार्लरवाल्यांना तरी एकट्यांना काय बोलू. लासलगावच्या लिलावात व्यापारी कांदा हातात घेऊन, दाबून, उलटापालटा करून मगच बोली लावतो, आणि खाली माल हलका निघाला तर भाव पाडतो. कांद्यासारख्या मालाला एवढी पारख, आणि तुम्ही स्वतःच्या तोंडाला लावायचं काय ते विचारत नाही! लाज वाटते ‘किती टक्के’ म्हणायला? काउंटरवरची मुलगी हसेल म्हणून? हसू दे. पंचविशीतल्या पोरींना आरशासमोर उभं करून नसलेल्या रेषा दाखवतात, आणि त्यांच्या आया मागे उभ्या राहून माना डोलावतात, क्रेडिट कार्ड काढतात. माझी बहीणही डोलावत होती. सगळं एका बाटलीत भरलंय हे ऐकून तुम्ही खूश होता, म्हणून ते भरतात, चिमूटचिमूट, नावापुरतं. एक घटक, प्रमाण छापलेला, बंद रंगीत बाटलीतला, असं काही मागितलंत तर उद्या तेच विकतील.

आणि गंगापूर रोडच्या ताई, तुम्ही हे वाचाल, तुमच्या ग्रुपमधल्या कुणीतरी पाठवेलच. माझे मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसतात मला. ‘पुढचं सिटिंग फ्री देतो’ हे नको आहे. तो मोठा डबा, त्यावरचं लेबल, कंपनीचा पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, यांचा फोटो हवाय. डॉक्टरांना दाखवायचाय. नसेल देता येत, तर अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय नाशिकमध्येच आहे, अर्ज लिहून तयार आहे. मंगळवारी त्याच तोंडाला हळद लागायची आहे. फोटो पाठवा.