आट्यांतला गंज बाहेरून दिसत नाही

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. लँडिंग गिअरच्या, म्हणजे विमानाच्या चाकांच्या पायांच्या, सक्तीच्या तपासण्या म्हणजे कागदी सोपस्कार, धडधाकट विमानं उगाच जमिनीवर बसवतात, आणि एवढं करूनही २००७ साली एसएएस या स्कँडिनेव्हियन विमान कंपनीचं तिसरं विमान कोपनहेगनला अपघातात सापडलंच, असं तुम्ही म्हणता. तिसऱ्या विमानाचा मुद्दा वजनदार आहे. पण आधी पहिली दोन बघू.

९ सप्टेंबर २००७ ला डेन्मार्कमधल्या ऑलबोर्गला एसएएसचं डॅश ८ क्यू ४०० हे प्रोपेलरचं विमान उतरलं आणि त्याचा उजवा पाय मोडला. प्रोपेलरच्या पात्यांचे तुकडे केबिनमध्ये घुसले. तीनच दिवसांनी लिथुआनियातल्या विल्निअसला त्याच जातीच्या विमानाची तीच गत झाली. दोन्हीकडे माणसं वाचली.

चाकं वर घेणाऱ्या ॲक्च्युएटरच्या (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या दट्ट्याच्या) दांड्याच्या टोकाला रॉड एंड हा जोडाचा तुकडा आट्यांवर, म्हणजे स्क्रूसारख्या वळ्यांवर, बसवलेला असतो. त्या आट्यांत गंज शिरला होता. पाय खाली येताना हाच ॲक्च्युएटर त्याला आवरून धरतो. ऑलबोर्गला रॉड एंड निसटला, तो अवजड पाय धाडकन खाली आला, त्या हिसक्याने आधाराचा भाग मोडला आणि पाय लॉक झालाच नाही.

मी हँगरमध्ये काम केलंय. असा जोड बाहेरून साफ दिसतो, नट घट्ट, रंग शाबूत. तो सोडवून पांढरं फडकं आट्यांवरून फिरवलं, की फडक्यावर विटकरी रेघ उमटते. ती रेघ वैमानिकाला कळत नाही, प्रवाशाला तर नाहीच. मग विमान धडधाकट आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत? म्हणूनच १०,००० हून जास्त वेळा उतरलेली क्यू ४०० विमानं तपासल्याशिवाय उडवू नका, असं तेव्हा सांगितलं गेलं. गिअरवरचा ताण उतरण्यांवर मोजतात. गंज मात्र विमान उभं असतानाही वाढतो, त्यामुळे ओव्हरहॉलला (गिअर पूर्ण सोडवून केलेल्या दुरुस्तीला) वर्षांचीही मर्यादा असते.

आता कोपनहेगन, २७ ऑक्टोबर. तिथे गंजाचा संबंध नव्हता. एक ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) भलतीकडे जाऊन ॲक्च्युएटरमधली तेलाची वाट अडवून बसली होती, त्यामुळे उजवा पाय खाली आलाच नाही. आट्यांतला गंज शोधणाऱ्याला ती सापडणार कशी? तपासणी सांगितलं तेवढंच शोधते, हे मला मान्य आहे. त्यावरून पहिली तपासणी फुकट गेली असं मात्र होत नाही. दुसऱ्याच दिवशी एसएएसने क्यू ४०० कायमची बंद केली. इतर कंपन्या तपासण्या करून ती पुढेही उडवत राहिल्या.

सोपस्काराबद्दल सांगतो. जोड न उघडता सही करणारा माणूस माझ्या लेखी गुन्हेगार आहे. तसं कुठे पाहिलं असेल तर डीजीसीएकडे (भारतातल्या विमान वाहतूक नियामकाकडे) तक्रार करा, मसुदा लिहायला मी मदत करेन.

कोपनहेगनचं कारण वेगळं होतं, हे मूळ लेखात मी लिहायला हवं होतं. चूक माझी. आज तिथे तो परिच्छेद घातला आहे.